डावीकडचा खांब

मुलगी बघायला जाताना मामाला नेतात, तसं जुनी गाडी बघायला जाताना आपला मेकॅनिक न्यायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. फरक एवढाच, की मामा पोहे खातो, मान डोलावतो आणि सुटतो. मेकॅनिकनं मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात इंजिन बसलं, तर लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. देहूरोडच्या युसुफला हे पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून असलं काम तो टाळायचा. पण प्रज्वल हात धुऊन मागंच लागला.

"चाचा, तुम्ही नुसतं बघा. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

प्रज्वल लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. बायको निशिगंधा आकुर्डीच्या एका कॉलेजात ऑफिसात होती. दोघांनी मिळून एक गाडी हेरली होती, चार मीटरच्या आत बसणारी छोटी एसयूव्ही, डिझेल, बऱ्यापैकी जुनी. आता ते मॉडेल म्हणजे युसुफच्या हातचा मळ. कंपनीनं ते बनवणं केव्हाच बंद केलं. शोरूममध्ये त्याचं नाव काढलं तर पोरं तोंड फिरवतात, आणि म्हणून उरल्यासुरल्या सगळ्या गाड्या युसुफच्या शेडखाली येतात. मग नाही म्हणायला तोंड तरी कुठं उरलं?

गुरुवार ठरला, कारण कारखान्यांची सुट्टी इकडं गुरुवारी. रावेतच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिघं शिरले आणि खांबाशेजारी उभी असलेली ती करडी गाडी बघून युसुफ जागच्या जागी थबकला. अहो, ही तर दौलतरावांची! वॉरंटी संपल्यापासून हिचं प्रत्येक ऑइल त्यानं स्वतःच्या हातानं बदललेलं.

"या अल्ला," तो पुटपुटला. तेवढ्यात लिफ्टमधून दौलतराव बाहेर आले.

"आयला! युसुफभाई, तुमी?" म्हातारा हसायलाच लागला. "पोरं म्हणली व्हती, मेकॅनिक घेऊन येतो. तर ही माझ्याच मेकॅनिकला घेऊन आली की!"

दौलतराव मूळचे मावळातले. हेच मॉडेल चाकणला जिथं बनायचं, तिथं त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं दरवाजे बसवण्यात घालवली होती, आणि रिटायर झाल्यावर हीच गाडी घेतली होती. दारं स्वतःच्या हातची म्हणून ते कुणाला जोरात आपटू द्यायचे नाहीत. असा माणूस गाडी विकायला काढतो, आणि आपल्याला एका शब्दानं सांगत नाही? युसुफच्या मनाला ते लागलं, पण गिऱ्हाइकासमोर तो गप्प बसला.

एक गोष्ट मात्र त्यानं लगेच स्पष्ट केली. "प्रज्वल, ही गाडी माझ्याच हाताखालची आहे. हे माझे जुने स्नेही. तुला दुसरा मेकॅनिक आणायचा असेल तर खुशाल आण, मला राग नाही."

"छे हो, उलट बरंच झालं," प्रज्वल म्हणाला. पण निशिगंधा त्याच्यापेक्षा हुशार निघाली. तिनं सरळच विचारलं, "मग चाचा, तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलणार?"

"गाडीच्या," युसुफ म्हणाला, आणि बॉनेट उघडलं.

दीड लिटरचं इंजिन, पाच गिअर, पोटाखाली वीतभर मोकळी जागा, त्यामुळं गावाकडच्या रस्त्यावर कुठं घासायची नाही. मागं तिघं दाटीवाटीनं, दोघं ऐसपैस. हे सगळं त्यानं भरभर सांगितलं. मग आजारांवर आला. ह्या मॉडेलचे आजार ठरलेले. टर्बोचा रबरी पाइप तडकतो, मग चढावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकते आणि मागून काळा धूर सोडते. क्लच जड होत जातो. एसीची कॉइल गळते. खड्ड्यातून गेलं की पुढच्या चाकाकडून टकटक येते, ती लिंक रॉडची, म्हणजे चाकामागच्या झिजलेल्या दांडीची. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही तर इंजिनाचा सत्यानाश, पण तो हिचा युसुफनं मागच्याच वर्षी बदलला होता.

"एवढे आजार? मग घ्यायची कशाला?" निशिगंधा म्हणाली.

"ताई, साठी उलटलेल्या माणसाला बीपी असतं, गुडघे असतात. म्हणून काय कुणी त्याला घराबाहेर काढतं? आजार माहीत आहे म्हणजे औषधही माहीत आहे. न कळणारा आजार वाईट."

असं म्हणत तो गाडीला वळसा घालायला लागला, आणि डाव्या बाजूला आल्यावर त्याची पावलं मंदावली. आरशाचं कव्हर चिकटवलेलं. पुढच्या चाकाची रिम कडेनं खरवडलेली. टायरच्या कुशीला एक फुगवटा आलेला, फुटपाथची कड जोरात बसल्यावर येतो तसा. मागच्या दरवाजावर खांबाचा पिवळा रंग. डावा लिंक रॉड तर त्यानंच वर्षभरात दोनदा बदलला होता, आणि दोन्ही वेळा 'ह्या मॉडेलला हे असतंच' असं म्हणून मोकळा झाला होता. तो उजव्या बाजूला गेला. तिकडं एक ओरखडा नाही. लिंक रॉडही मूळचाच, कंपनीतून आलेला.

युसुफ तिथंच उकिडवा बसला. मॉडेलच्या आजाराला डावं-उजवं कळत नसतं. इतकी साधी गोष्ट आपल्या टाळक्यात कशी शिरली नाही?

एवढ्यात सुभद्राबाई चहा घेऊन आल्या. दौलतरावांची बायको, गुडघे दुखणारी, म्हणून जपून पाऊल टाकणारी, आणि तोंडानं मात्र धडधाकट. गॅरेजमध्ये त्या नवऱ्याबरोबर यायच्या तेव्हा पोरं हसायची, 'वहिनींचा रेडिओ आला' म्हणायची. कारण गाडी शेडमध्ये घालेपर्यंत त्यांचं चालूच असायचं, 'अवो, डावीकडं स्टूल हाय, डावीकडं तो माणूस बसलाय.' आणि दौलतराव खेकसायचे, 'दिसतंय मला! आंधळा न्हाई झालो अजून.'

आज त्यांनी सगळ्यांना कप दिले. नवरा अगदी समोर उभा होता, तरी त्याला चहा द्यायला त्या गाडीला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताशी गेल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी. युसुफनं ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ काही लागला नाही.

रिकामे कप उचलताना त्यांनी युसुफला लिफ्टकडं बोलावलं.

"युसुफभाऊ, माझं एक काम करा. गाडी खराब हाय म्हणून सांगा त्या पोरांना."

"वहिनी! खोटं कसं बोलू?"

"एवढं एकच बोला. हे म्हणत्यात गाडी म्हातारी झाली, धूर मारती, इकून टाकू. आवो, गाडी गेली तर ह्यो माणूस खाटंवर पडंल. रिटायर झाले तवा बघितलंय मी, दिवसदिवस भिंतीकडं बघत बसायचे. गाडी हाय म्हून सकाळी उठून फडकं मारत्यात, मला माहेराला खेडला नेत्यात, भंडाऱ्याच्या डोंगराला तुकोबाच्या दर्शनाला नेत्यात. मला गाडीचं काय पडलं न्हाई. मला माणूस पायजे."

पोरांना काय सांगायचं, ते युसुफला गाडी चालताना बघून ठरवायचं होतं. "आधी दौलतराव चालवतील, मी शेजारी बसून आवाज ऐकतो. मग तुम्ही चालवा," त्यानं प्रज्वलला सांगितलं.

"मी बी येते," सुभद्राबाई लगबगीनं म्हणाल्या.

"तू कशाला? बस पाव्हण्यांसंगं," दौलतराव म्हणाले.

तेव्हा त्या खिडकीपाशी आल्या आणि युसुफला हळूच म्हणाल्या, "बोलत ऱ्हावा त्यांच्यासंगं. आन् डावीकडं बघत ऱ्हावा."

सोसायटीच्या गेटबाहेर पडून गाडी सर्व्हिस रोडला लागली. इंजिन छान चालत होतं. गिअर लोण्यासारखे पडत होते. उजवीकडून घुसणाऱ्या दोन स्कूटरवाल्यांना दौलतरावांनी अलगद टाळलं. माणूस हाडाचा ड्रायव्हर, यात वाद नाही. युसुफ मुद्दामच गप्प बसला होता, आणि त्याचा हात हँडब्रेकवर होता.

गाडी हळूहळू डावीकडं सरकत होती. पुढं रस्त्याच्या कडेला एकजण केळ्यांची हातगाडी ढकलत चालला होता. युसुफला वाटलं, आता वळवतील. आता तरी. दौलतराव निवांत पुढं बघत होते.

"डावीकडं!" युसुफ ओरडला आणि त्यानं स्टिअरिंगला हात घालून हँडब्रेक खेचला. गाडी किंचाळून थांबली. आरसा केळ्यांच्या घडाला लागला आणि दोन फण्या रस्त्यावर पडल्या. केळेवाला वळून आला.

"ए म्हाताऱ्या! डोळं फुटलं का तुझं?"

दौलतरावांनी इंजिन बंद केलं. "व्हय बाबा," ते म्हणाले. "अर्धं फुटल्यात."

केळेवाला बघतच राहिला. युसुफनं खाली उतरून त्याची माफी मागितली, केळी उचलून दिली, त्याची समजूत घातली. परत येऊन बसला तेव्हा दौलतराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसले होते.

"दिवाळीत चक्कर आली व्हती ना मला? समद्यांनी बीपी म्हणून सोडून दिलं. डॉक्टरकडं मागनं मी एकलाच गेलो. त्यो म्हणला, डोक्यातली एक बारीक नस गेली. डोळं चांगलं हायेत, पर दोनी डोळ्यांना डावीकडचं दिसत न्हाई. चष्म्यानं येणार न्हाई, औषधानं येणार न्हाई. गाडीला हात लावू नका म्हणला."

"दिवाळीत! आणि तुम्ही आत्तापर्यंत चालवताय?" युसुफचं टाळकंच सणकलं. "दौलतराव, डाव्या सीटवर वहिनी बसतात! तुम्हाला दिसत नाही त्याच बाजूला! काही झालं असतं तर कुणाला लागलं असतं, विचार केलात का कधी?"

"केला. म्हून तर इकतोय." म्हाताऱ्यानं किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली. "तिचं गुडघं गेलं म्हून गाडी घेतली मी. बसची पायरी चढवत न्हाई तिला. आता तिला काय सांगू, की तुझा नवरा बी गेला? त्यापेक्षा गाडी बिघडली म्हणलेलं बरं न्हवं का? तुमाला बी बोललो न्हाई, कारण तुमी म्हणला असता, काय झालंय हिला, इकता कशाला?"

युसुफला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आल्यावर माणूस काय बोलणार? ही बया म्हणते गाडी वाईट म्हणून सांगा, म्हणजे नवरा जगेल. हा म्हणतो गाडीवर ढकला, म्हणजे बायको जगेल. दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या गाडीला बळीचा बकरा केलंय. बरं, आपण वाईट म्हणालो तर पोरं निघून जातील, गाडी राहील, आणि पुढच्या वेळी हातगाडीच्या जागी एखादं पोर असेल.

"उतरा," तो म्हणाला. "मी चालवतो. आणि ऐका. गाडीबद्दल जे खरं आहे ते मी सांगणार. तुमच्याबद्दल जे खरं आहे ते तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर तेही मीच सांगेन, मग मैत्री राहो नाहीतर जावो."

पार्किंगमध्ये गाडी आत आली तेव्हा स्टिअरिंगवर युसुफ होता. सुभद्राबाई पायरीवरून उठल्या. त्यांनी आधी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग डावा आरसा.

"काय चाचा, घ्यायची का?" प्रज्वलनं विचारलं.

युसुफनं वहिनींकडं बघायचं टाळलं. "घ्या. टर्बोचा पाइप बदला, पुढचा डावा टायर बदला, डावा लिंक रॉड मी बसवून देतो. इंजिन ठणठणीत आहे. ह्या वयात इतकी सांभाळलेली गाडी तुम्हाला चाकणपासून पिंपरीपर्यंत मिळायची नाही."

"आवो, असं कसं म्हणता?" सुभद्राबाई कळवळून म्हणाल्या. "धूर मारती ना ती?"

"नाही वहिनी. पाइप थोडा तडकलाय, एवढंच."

"आणि ही डावी बाजू?" निशिगंधा मघापासून तिथंच उभी होती. खरवडलेल्या रिमवर तिनं बोट ठेवलं. "एकाच बाजूला इतकं कसं काय?"

वर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. युसुफनं दौलतरावांकडं पाहिलं आणि त्यांनी खाकरून घसा साफ केला. रिटायरमेंटच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले असतील, तसे ते उभे राहिले.

"पोरी, गाडीला काय झालं न्हाई. मला झालंय." मग ते बायकोकडं वळले. "सुभद्रा, दिवाळीपासनं मला डावीकडचं दिसत न्हाई. तुला सांगितलं न्हाई. परत येणार बी न्हाई म्हणत्यात."

युसुफला वाटलं, आता ही बाई मटकन खाली बसेल. त्यानं हातसुद्धा पुढं केला. पण सुभद्राबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

"आं? कवापासनं?"

"जेवताना तुमी चटणी-कोशिंबिरीला हातच लावंना झाला, तवापासनं. उजवीकडची भाजी सपाट करायचे आन् ताटाची डावी बाजू तशीच. आधी वाटलं, माझ्या हाताची चव गेली. मग एक दिवस चटणी भाजीच्या शेजारी, उजवीकडं वाढली. चाटूनपुसून खाल्ली. आवो, चटणी उजवीकडं कोण वाढतं का कधी? जन्मभर तुमी ताट वाढण्यावरनं माझ्याशी भांडलासा. आन् तुमाला ते कळलं बी न्हाई. मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले."

दौलतराव आ वासून बघत राहिले. "मग गाडीत ती तुझी बडबड..."

"बडबड न्हाई ती! दुसरं काय करणार? तुमी म्हणायचा, दिसतंय मला. मी म्हणायचे, दिसू दे बाई, पर सांगायला काय जातंय. मी शेजारी असते तवा कुठं घासली का गाडी? सांगा ना. समदं वरखडं मी नसतानाचं."

युसुफनं मनात ताडून बघितलं. खरं होतं. आरसा फुटला तेव्हा वहिनी माहेरी होत्या. टायरला मार बसला तेव्हा दौलतराव एकटेच डिझेल भरायला गेले होते. देहूरोडच्या आख्ख्या शेडनं जिची चेष्टा केली, त्या बाईनं दिवाळीपासून ही गाडी नुसत्या तोंडानं सांभाळली होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"वहिनी," तो शक्य तितक्या हळू म्हणाला, "आणि ज्या दिवशी तुमचा डोळा लागेल, त्या दिवशी?"

सुभद्राबाईंनी गाडीच्या डाव्या दरवाजाकडं पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या दरवाजाकडं. मग म्हणाल्या, "द्या मग. ह्या पोरांनाच द्या. दारं जोरात आपटू नका म्हणावं, ह्यांच्या हातची हायेत."

पुढच्या गुरुवारी पोरं गाडी न्यायला आली. युसुफनं मधल्या दिवसांत पाइप, टायर, रॉड सगळं बदलून दिलं होतं. निशिगंधानं बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं आणि चाकाखाली लिंबं ठेवली. दौलतरावांनी किल्ली प्रज्वलच्या हातात दिली आणि पुन्हा एकदा दरवाजा कसा लावायचा ते दाखवलं, बोटांनी नुसता ढकलून. तो टक् असा आवाज करून बसला. ते समाधानानं मागं सरले.

प्रज्वलनं गाडी रिव्हर्सला टाकली. लिंबं चिरडली. गाडी मागं येऊ लागली, तशा सुभद्राबाई सवयीनं ओरडल्या, "अवो, डावीकडं खांब हाय!"

"दिसतोय, काकू," प्रज्वल आतून म्हणाला, आणि खांबाला हातभर जागा सोडून गाडी बाहेर काढली.

गाडी गेटमधून वळून दिसेनाशी झाली, तरी सुभद्राबाई तशाच उभ्या होत्या. रिकाम्या जागेत ऑइलचा एक जुना डाग आणि खांबावरचे करडे ओरखडे तेवढे उरले. दौलतरावही हलेनात. युसुफला वाटलं, वहिनी म्हणाल्या होत्या ते खरं होणार, हा माणूस आता खाटंवर पडणार.

"चला," शेवटी सुभद्राबाई म्हणाल्या. "रिक्षा बोलावलीय मी. खेडला जायचंय, भाऊ वाट बघत असंल."

दौलतराव निघाले. त्या नेहमीप्रमाणं त्यांच्या उजवीकडून दोन पावलं चालल्या, मग थांबल्या, मागून वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला आल्या आणि त्यांचा दंड धरला. चारचौघांत असा हात त्यांनी उभ्या जन्मात धरला नसेल.

"पायरी हाय हं," त्या म्हणाल्या. "डावीकडं."

युसुफनं कान टवकारले. आता म्हातारा खेकसणार, दिसतंय मला.

"बरं," दौलतराव म्हणाले. आणि पायरी उतरल्यावर म्हणाले, "पुढं काय हाय? सांगत ऱ्हा."